उभ्या शहरात एकट्याने: हाँगकाँगचे चार दिवस

प्रश्न विचारणाऱ्या बाई नाशिकच्या आहेत. वय अठ्ठेचाळीस, नोकरी बँकेत, आहार पूर्ण शाकाहारी. यापूर्वी दोनदा सहल कंपनीबरोबर त्या परदेशी जाऊन आल्या आहेत आणि आता नोव्हेंबरमध्ये चार रात्रींसाठी एकट्यानेच हाँगकाँगला जायचे त्यांच्या मनात आहे. मुक्काम कोठे करावा, दिवस कसे विभागावेत, जेवणाचे काय आणि एकट्या बाईने जाणे कितपत सुरक्षित, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. सोबत त्यांनी स्वतः आखलेला कार्यक्रमही पाठवला आहे, आणि त्यात चार दिवसांत एकोणीस ठिकाणे आहेत.

बाई, मी गेली सोळा वर्षे पूर्व आशियातल्या सहलींची व्यवस्थापक म्हणून काम करते आणि हाँगकाँगला गट घेऊन जितक्या वेळा गेले आहे, तितक्याच वेळा गट विमानात बसवून दिल्यावर एकटी मागे राहिलेली आहे. तुमच्या यादीतले एकही ठिकाण वाईट नाही. अडचण एवढीच आहे की ही यादी सपाट नकाशावर बोट फिरवून केलेली आहे आणि हाँगकाँग सपाट नाही. सुमारे अकराशे चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात बहुतेक जमीन डोंगराची आहे, जवळपास चाळीस टक्के भाग राखीव निसर्ग उद्यानांत मोडतो आणि पंचाहत्तर लाख माणसे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत राहतात. त्यामुळे शहर आडवे पसरले नाही, ते उभे राहिले. नकाशावर तीनशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दोन पादचारी पूल, एक सरकता जिना आणि शंभर दगडी पायऱ्या असू शकते. माझ्या पहिल्या एकटीच्या मुक्कामात ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ अशी जाहिरात वाचून मी एका हॉटेलात खोली घेतली होती. पाच मिनिटे खरीच होती, पण ती उतरतानाची. सोळा किलोंची बॅग घेऊन चढताना मला पंचवीस मिनिटे लागली आणि वर पोहोचल्यावर कळले की हॉटेलचे दुसरे दार वरच्या रस्त्याला आहे आणि बस तिथपर्यंत येते. तेव्हापासून खोली निवडताना मी अंतर पाहत नाही, चढ पाहते.

आधी कागदपत्रांचे उरकून घेऊ. जानेवारी 2017 पर्यंत भारतीयांना हाँगकाँगमध्ये थेट प्रवेश मिळत असे. त्यानंतर प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन ही ऑनलाइन पूर्वनोंदणी आवश्यक झाली. ती विनामूल्य असते, निकाल बहुधा लगेच कळतो, नोंदणी सहा महिने चालते आणि एका वेळी चौदा दिवसांपर्यंत राहता येते. मधल्या दलालाला पैसे देऊ नका. अर्जातले नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टाशी अक्षरशः जुळले पाहिजेत, कारण आपल्याकडे आडनाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव यांची जी सरमिसळ होते, तिच्यामुळेच बहुतेक गोंधळ होतात. नोंदणी झाल्याच्या सूचनेचा कागद छापून दोन प्रती ठेवा, कारण विमानात बसण्यापूर्वी मुंबईतच तो दाखवावा लागतो. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षणही छापील ठेवा. एकट्या प्रवाशाला तिथला अधिकारी एखाददुसरा प्रश्न जास्त विचारतो. त्यात संशय घेतल्यासारखे वाटून घेऊ नका, शांतपणे आणि थोडक्यात उत्तर द्या. मुख्य चीनसाठी वेगळा व्हिसा लागतो, त्यामुळे यादीतली शेंझेनची चक्कर काढून टाका. मकाऊही काढा, कारण जाण्यायेण्यात आणि दोन्हीकडच्या तपासणीत अख्खा दिवस जातो. डिस्नेलँडबद्दल मला काही म्हणायचे नाही, तुम्ही ते कोणासाठी लिहिले आहे तेच कळले नाही.

मुक्कामासाठी तुमच्यापुढे दोन बाजू आहेत. बंदराच्या उत्तरेला कौलून आणि दक्षिणेला हाँगकाँग बेट. शाकाहारी आणि पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्या बाईला मी कौलूनमध्ये जॉर्डन किंवा त्सिम शा त्सुईच्या आसपास राहायला सांगेन. हा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, नेथन रोडवर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते आणि विमानतळावरून येणारी ए-21 क्रमांकाची दुमजली बस थेट त्याच रस्त्याने जाते. एअरपोर्ट एक्सप्रेस वेगवान आहे, पण बसपेक्षा तिला कितीतरी जास्त पैसे पडतात आणि उतरल्यावर पुन्हा दुसरे वाहन लागते. स्वस्त खोल्या शोधताना तुम्हाला चुंगकिंग मॅन्शन्सचे नाव वारंवार दिसेल. 1961 सालची ही सतरा मजल्यांची इमारत पाच विभागांत वाटलेली आहे आणि तिच्यात लहानलहान अतिथिगृहे खच्चून भरलेली आहेत. तिच्याविषयी भीतीदायक गोष्टी सांगण्याची प्रथा आहे. मला तिथली अडचण वेगळी वाटते, ती लिफ्टची. प्रत्येक विभागाला दोन छोट्या लिफ्ट असतात, त्यांतली एक सम मजल्यांवर आणि दुसरी विषम मजल्यांवर थांबते, आणि गर्दीच्या वेळी खाली चांगली रांग लागते. दिवसातून चार वेळा ती रांग लावायची तयारी असेल तर राहा. नसेल तर नुसते तळमजल्यावर जाऊन छोले आणि रोटी खाऊन या. कोठेही राहिलात तरी खोली लहानच असणार. बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही, म्हणून बॅगही लहानच न्या. आपल्या प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा जोड लागेल.

उतरल्याबरोबर विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या. 1997 पासून चालत आलेल्या या कार्डावर रेल्वे, बस, ट्राम, फेरी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली पाण्याची बाटलीसुद्धा भागते. आपल्याकडच्या मोबाइल पेमेंटची सवय तिथे विसरावी लागेल. आंतरराष्ट्रीय कार्ड आणि थोडी रोख दोन्ही जवळ ठेवा. हाँगकाँग डॉलर 1983 पासून अमेरिकन डॉलरला सुमारे 7.8 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे अमेरिकन डॉलर नेल्यास हिशेब सोपा राहतो.

आता दिवसांविषयी. माझा नियम असा आहे की अर्ध्या दिवसाला एकच भाग घ्यावा आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाताना होईल तितके हळू वाहन निवडावे. भुयारी रेल्वे उत्तम आहे, पण ती तुम्हाला जमिनीखाली घालते आणि दुसरीकडे काढते, मधले शहर दिसतच नाही. गटाबरोबर असताना वेळ वाचवणे हे माझे काम असते. एकट्या माणसाला वेळ वाचवून तो द्यायचा कोणाला?

पहिल्या दिवशी सकाळी पोहोचाल, रात्रीची झोप विमानात अर्धवट झालेली असेल आणि घड्याळ अडीच तास पुढे गेलेले असेल. त्या दिवशी फक्त बंदर पाहा. त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावरून स्टार फेरी पकडून पलीकडे सेंट्रलला जा. पाच-सहा डॉलरांत आठ-दहा मिनिटांचा हा प्रवास आहे आणि मी तो कधीच एका दिवसात एकदा केलेला नाही. या फेरीत आपल्याला आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. मुंबईहून गेलेले दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी 1888 साली ही सेवा कंपनीच्या रूपाने उभी केली आणि दहा वर्षांनी कंपनीला ‘स्टार’ हे नाव मिळाले. आजही प्रत्येक बोटीच्या नावात ‘स्टार’ हा शब्द असतो. लाकडी बाकांची पाठ पुढेमागे सरकते, म्हणजे बोट न वळवता प्रवाशाला तोंड फिरवून बसता येते. खालच्या मजल्यावर बसलात तर डिझेलचा वास आणि दोर फेकणारे खलाशी जवळून दिसतात. निळ्या गणवेशातला खलाशी हुक लावलेल्या लांब काठीने जाडजूड दोर झेलतो, खुंटाला दोन वेढे देतो आणि फळी धाडकन खाली पडते. हे सगळे आठ-दहा सेकंदांत होते आणि लोक त्याच्याकडे न पाहता उतरून जातात. त्सिम शा त्सुईच्याच बाजूला मोडी रोड आहे. तो ज्यांच्या नावाचा, तेही मुंबईचेच एक पारशी, होरमसजी मोदी, ज्यांनी हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी मोठी देणगी दिली. संध्याकाळी कौलूनच्या किनाऱ्यावर बसा, आठ वाजता समोरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो. खेळ साधारण आहे, इमारती मात्र खेळ नसतानाही पाहण्यासारख्या असतात.

दुसरा दिवस हाँगकाँग बेटाला द्या आणि शहराचे उभेपण त्याच दिवशी पायांना समजू द्या. सेंट्रलच्या धक्क्यापासून निघालेल्या पादचारी पुलांवरून, रस्त्याला पाय न लावता, तुम्ही सरकत्या जिन्यांच्या साखळीपर्यंत पोहोचता. 1993 मध्ये सुरू झालेली ही साखळी आठशे मीटरहून लांब आहे आणि डोंगरउतारावरच्या वस्तीला खालच्या कचेऱ्यांशी जोडते. सकाळी सहा ते दहा ती उतरते आणि दहानंतर मध्यरात्रीपर्यंत चढते, कारण माणसे सकाळी खाली कामाला येतात. म्हणून तुम्ही दहानंतर जा. वर जाताना मधल्या एका पुलावरून ताय क्वुनमध्ये शिरता येते. जुने पोलीस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग यांचे हे आवार 2018 पासून कलाकेंद्र म्हणून खुले आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तुरुंगाच्या कोठड्या जरूर पाहा. तिथून हॉलिवूड रोडने पश्चिमेला चालत गेलात की 1847 च्या सुमाराचे मान मो मंदिर लागते. आत छताला घंटेच्या आकाराची उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली असतात. ती कित्येक दिवस जळत राहतात आणि राख केव्हाही डोक्यावर पडू शकते, तेव्हा पांढरा सदरा घालून जाऊ नका. मंदिराला लागूनच लॅडर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. नावाप्रमाणे तो सबंध पायऱ्यांचा आहे. उतरताना घ्या.

दुपारनंतर पीकवर, म्हणजे बेटावरच्या व्हिक्टोरिया पीक या डोंगरमाथ्यावर जायचे. तुमच्या यादीत पीक ट्रामचे तिकीट आहे. ती 1888 पासूनची आहे आणि अनुभव म्हणून चांगलीही आहे, पण रांग मोठी असते. मी एकटी असले की सेंट्रलहून 15 क्रमांकाच्या बसने जाते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावे, झाडांच्या फांद्या काचेवर आपटत असतात आणि प्रत्येक वळणाला इमारतींचे माथे खाली सरकत जातात. वर पोहोचल्यावर तिकीट काढून गच्चीवर जाण्याऐवजी लुगार्ड रोडने चाला. साडेतीन किलोमीटरची ही प्रदक्षिणा जवळजवळ सपाट आहे, या शहरात ही चैनच. दहा-पंधरा मिनिटांत झाडी उघडते आणि चित्रांत पाहिलेला तो देखावा, फुकट आणि निवांत, समोर येतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तिथे पोहोचा. परतताना खाली ट्राम घ्या, म्हणजे रस्त्यावरची, 1904 पासून चालणारी दुमजली ट्राम. तिच्यात मागून चढतात आणि पैसे पुढच्या दाराने उतरताना देतात. तीन-साडेतीन डॉलरांत केनेडी टाउनपासून शाऊ केई वानपर्यंत सुमारे तेरा किलोमीटर जाता येते. स्थानिक लोक तिला तिच्या घंटेवरून ‘डिंग डिंग’ म्हणतात.

तिसऱ्या दिवसाची सकाळ कौलूनमधल्या शाम शुई पो या भागाला. तुमच्या यादीत हे नावच नाही, आणि मला विचाराल तर शहराची किल्ली तिथेच आहे. 1953 च्या नाताळाच्या रात्री तिथल्या शेक किप मेईच्या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे त्रेपन्न हजार माणसे बेघर झाली. त्या आगीनंतर सरकारने वसाहती बांधायला घेतल्या आणि आज जवळपास निम्मी लोकसंख्या सरकारी मदतीच्या घरांत राहते. 1954 मधल्या पहिल्या इमारतींपैकी मेई हो हाऊस तेवढी उरली आहे. तिच्यात आता युवा वसतिगृह आणि छोटे संग्रहालय आहे. तिथे जुनी खोली जशीच्या तशी मांडली आहे. दोन मजली खाट, भिंतीला टेकवलेली घडीची टेबले, बाहेर सामायिक गॅलरीत चूल आणि मजल्याच्या मध्यावर सगळ्यांचे मिळून नळ. परळच्या किंवा वरळीच्या चाळीत लहानपण गेलेल्या माणसाला ती खोली कोणी समजावून सांगावी लागत नाही. मी गटाला घेऊन गेले तेव्हा गिरगावचे एक आजोबा त्या गॅलरीत बराच वेळ उभे होते आणि शेवटी एवढेच म्हणाले, “पण यांच्याकडे नळ मजल्यावर आहेत.” बाहेर अपलिऊ स्ट्रीटवर जुने रेडिओ, वायरी, घड्याळे यांचा बाजार आहे. कापडाची दुकानेही याच भागात आहेत. मोंग कॉकचे बाजार तिथून जवळ आहेत, फुलबाजार पाहा आणि बाकीचे चालता चालता.

दुपारी डायमंड हिलला ची लिन हे बौद्ध भिक्षुणींचे विहार आणि समोरचे नान लियान उद्यान. विहाराच्या इमारती चीनच्या थांग राजघराण्याच्या काळातल्या शैलीत, लाकडाला लाकूड अडकवून, लोखंडी खिळ्यांशिवाय उभारलेल्या आहेत. त्या 1998 च्या आहेत, प्राचीन नव्हेत, हे मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत. उद्यानात धबधब्यामागे एक शाकाहारी उपाहारगृह आहे. तुमचे त्या दिवसाचे मुख्य जेवण तिथेच करा.

चौथा दिवस शहराबाहेरचा. गुडघे बरे असतील तर ड्रॅगन्स बॅक ही डोंगरधारेवरची वाट आहे, पण एकटीने पहिल्याच खेपेला मी लम्मा बेट सुचवेन. सेंट्रलच्या चार क्रमांकाच्या धक्क्यावरून युंग शुए वानला अर्ध्या तासात बोट पोहोचते. बेटावर मोटारी नाहीत. तिथून सोक क्वू वानपर्यंत सिमेंटची पायवाट दीड तासाची आहे, वाटेत वाळूचे किनारे आहेत आणि वीजकेंद्राची तीन धुराडी सतत पाठीशी दिसतात. परतीची बोट सोक क्वू वानहून मिळते, पण तिच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून सकाळीच वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवा. लांताऊ बेटावरचा मोठा बुद्ध, 34 मीटर उंच आणि 268 पायऱ्यांवर बसलेला, हवाच असेल तर तो याच दिवशी लम्माच्या ऐवजी घ्या. दोन्ही करू नका.

तुमच्या मुक्कामात रविवार येत असेल तर त्या दिवशी सेंट्रलमध्ये एक फेरी माराच. हाँगकाँगच्या घरांतून काम करणाऱ्या तीन लाखांहून अधिक परदेशी स्त्रिया, मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियातल्या, सुट्टीच्या दिवशी बँकांच्या इमारतींखाली, पुलांवर, बागांमध्ये पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, घरी फोन लावतात. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका.

जेवणाचा प्रश्न तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर विचारला आहे, पण चार दिवसांत सर्वांत जास्त त्रास त्याचाच होईल. हाँगकाँगमध्ये ‘भाजी’ मागितली की भाजीच येते, पण तिच्यावर कालवांचा सॉस असतो, आणि पावासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी वस्तूतही डुकराची चरबी असू शकते. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दापेक्षा ‘चाय’ हा कँटनीज शब्द जास्त उपयोगी आहे. त्यातला च आपल्या चहाचा नव्हे, चमच्याचा. इंग्रजी भाषकांना तो उच्चार सहज येत नाही, मराठी माणसाला घरबसल्या येतो. ‘ङो सिक चाय’ म्हणजे मी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण घेते. त्या जेवणात कांदा-लसूणही बहुधा नसतो, त्यामुळे चव सपक वाटली तर आश्चर्य मानू नका. अशी उपाहारगृहे पुष्कळदा दुसऱ्या, चौथ्या, सातव्या मजल्यावर असतात, कारण तळमजल्याचे भाडे कोणाला परवडत नाही. आपली नजर दुकान शोधताना रस्त्याच्या पातळीवर फिरते. तिथे ती वर न्यावी लागते आणि अनोळखी इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरायचा संकोच सोडावा लागतो. वान चायच्या गुरुद्वारातला लंगर हा आणखी एक भरवशाचा आधार आहे.

चहाची काळजी नको. छा छान थेंग म्हणजे तिथली इराण्याच्या हॉटेलासारखी साधी उपाहारगृहे. त्यांत मिळणारा दुधाचा चहा सिलोनी पत्तीचा, लांबट कापडी गाळणीतून पुन्हा पुन्हा गाळलेला आणि आटीव दुधाचा असतो, इतका कडक की आपल्या टपरीवाल्यालाही मान्य व्हावा. साखर आपण घालायची. दुपारी गर्दीत तुम्हाला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील. त्याला ‘ताप थोय’ म्हणतात आणि त्यात अवघडण्यासारखे काही नाही. मान हलवायची, बसायचे, बोलायचे नाही. एकट्या जेवणाऱ्याकडे त्या शहरात कोणी वळून पाहत नाही, आणि गटाबरोबर हिंडणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ही गोष्ट किती मोलाची वाटते हे तुम्ही चार दिवसांनी मला कळवा.

सुरक्षिततेबद्दल एवढेच, की रात्री अकराला नेथन रोडवरून एकटीने चालत यायला मला कधीच भीती वाटलेली नाही. घड्याळे आणि शिवलेले सूट विकणारे दलाल मागे लागतात, तेही बरेचदा हिंदीत. उत्तर न देता चालत राहावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक 999 आहे. खरी दुखापत होते ती ओल्या उतारावर घसरून, म्हणून बुटांचे तळवे तपासून घ्या. आत सगळीकडे वातानुकूलन अतोनात गार असते, तेव्हा शाल पर्समध्येच ठेवा. नोव्हेंबर तुम्ही उत्तम निवडला आहे. हवा कोरडी असते आणि वादळांचा मोसम सरत आलेला असतो. तरीही वेधशाळेने आठ क्रमांकाचा वादळी बावटा लावला तर फेरीबोटी, बस, दुकाने, कचेऱ्या क्रमाने बंद होतात. तसे झाले तर धाडस न करता दुकानातून नूडल्सऐवजी फळे आणि ब्रेड घेऊन खोलीत बसा.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचे असेल तर बॅग हॉटेलात ठेवून सकाळी आणखी एकदा फेरीने पलीकडे जाऊन या, आणि ए-21 साठी नेथन रोडवर विमानाच्या वेळेआधी निदान चार तास उभ्या राहा. बॅग बसच्या खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवून वर जाऊन बसायला हरकत नाही, कारण वरच्या पडद्यावर खालची बॅग दिसते.